राजारामला ४३ फूट, मग आपल्या गल्लीत किती? – पूरपातळीचा गल्लीतक्ता आणि गावचे सेन्सर

नदीकाठ

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर ठरलेला आकडा येत राहतो: राजाराम बंधारा, पंचगंगेची पातळी इतके फूट इतके इंच. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. सांगलीत आयर्विन पुलावर तेच ४० आणि ४५. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण राजारामला ४४ असताना आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी लागतं की नाही, आणि गावाबाहेर जायचा रस्ता त्याआधी बुडतो की नंतर, हे विचारलं तर चार जण चार उत्तरं देतात. मग शेवटी सगळे येऊन थांबतात ते "मागच्या वेळी इथवर आलं नव्हतं" या वाक्यावर. २०१९ ला राजारामला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. त्यामुळे "मागच्या वेळी" हे माप म्हणून वापरण्यात अर्थ नाही.

सेन्सर, ॲप, ड्रोन यांची चर्चा या मंचावर बरीच झाली आहे. माझं म्हणणं असं की त्या सगळ्याच्या आधी प्रत्येक गल्लीचा तक्ता हवा. तो नसेल तर कितीही भारी यंत्र बसवलं तरी घरात बसलेल्या माणसाला त्यातून काही कळत नाही.

गल्लीमागे तीन जागा धरा: गल्लीचं तोंड, गल्लीतली सर्वांत खोल जागा, आणि बाहेर पडायच्या रस्त्यावरचा खोलगट भाग. प्रत्येक जागेपुढे एकच गोष्ट लिहायची आहे, ती म्हणजे "इथं पाणी लागलं तेव्हा राजारामला किती होतं". ही माहिती लोकांच्या मोबाइलमध्येच पडून आहे. २०१९, २०२१ आणि २०२४ च्या पुराचे फोटो मागवा, पण मूळ फोटो मागा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत काढल्याची वेळ राहत नाही. मूळ फोटोतली वेळ घ्या आणि त्या वेळेची पातळी जिल्हा आपत्ती कक्षाच्या पत्रकातून किंवा त्या दिवसाच्या बातमीतून काढून समोर लिहा. पाणी चढत असतानाचेच फोटो धरा. उतरताना सखल भागात पाणी कोंडून राहतं, नदी खाली गेली तरी गल्ली भरलेलीच असते, आणि त्या फोटोंवरून तक्ता चुकतो.

एक खोडा हमखास येतो. पत्रकात "४२.१०" असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ ४२ फूट १० इंच. एक्सेलमध्ये ते टाकलं की शेवटचं शून्य उडतं आणि ४२.१ होतं, म्हणजे ४२.९ पेक्षा कमी! पुढची सगळी क्रमवारी त्यामुळे बिघडते. फूट आणि इंच दोन वेगळ्या रकान्यांत भरा, तिसऱ्या रकान्यात एकूण इंच काढा आणि हिशोब त्यावरच करा. केंद्रीय जल आयोगाचे आकडे तर समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असतात. ते या तक्त्यात मिसळू नका, त्यांना वेगळा रकाना द्या.

---

उपनगर_कोपरा

फोटो जमवत बसण्यापेक्षा गूगल अर्थवर प्रत्येक गल्लीची उंची दिसते, ती घेतली तर? एका संध्याकाळी अख्ख्या गावाचा तक्ता होईल.

---

डंपी_लेव्हल

होईल, पण तो उपयोगाचा नसेल. उपग्रहावरून काढलेल्या फुकटच्या उंचीनकाशांत उभी चूक काही मीटरची असते. आपल्याला एका फुटाचा फरक शोधायचा आहे. शिवाय हे नकाशे बऱ्याच ठिकाणी छपरांची आणि झाडांची उंचीच जमीन म्हणून दाखवतात. कुठला पट्टा सखल आहे एवढं ढोबळ बघायला ठीक.

गल्लीपुरतं काम गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल नळीनं उत्तम होतं. १० ते १२ मिमी आतल्या व्यासाची, १५ मीटर लांब नळी घ्या. पाण्यात रंग किंवा चिमूटभर हळद टाका, म्हणजे रेघ स्पष्ट दिसते. नळीत बुडबुडा राहिला की दोन-तीन सेंमीचा फरक सहज येतो, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघा. नळीचा एक भाग उन्हात आणि एक सावलीत असेल तरी थोडा फरक पडतो, काम सकाळी लवकर उरका. लांबचं अंतर असेल तर जवळच्या तंत्रनिकेतनाच्या स्थापत्य विभागाला विनंती करा. त्यांच्याकडे डंपी किंवा ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) असते, आणि मुलांना सर्वेक्षणाचा सराव हवाच असतो. फेरी मारून पुन्हा सुरुवातीच्या खुणेवर यायचं. एक किलोमीटरच्या फेरीत फरक अडीच सेंमीच्या आत असला तर चालेल, जास्त असेल तर पुन्हा मोजा.

सुरुवातीची खूण देवळाच्या जोत्यावर किंवा शाळेच्या पायरीवर करा. रस्त्यावर कधीच नको, कारण डांबराचा नवा थर पडला की रस्ता वर येतो आणि खूण गाडली जाते.

आता महत्त्वाचं. पुराचं पाणी तळ्यासारखं सपाट नसतं, नदीच्या दिशेनं त्याला उतार असतो. म्हणून "राजारामचं शून्य अमुक उंचीवर, आमची गल्ली तमुक उंचीवर, वजाबाकी केली" असा हिशोब चार-पाच किलोमीटरवरच्या गावाला लागू होत नाही. नदीकाठ यांनी सांगितलेली फोटोंची पद्धत म्हणूनच बरोबर आहे. फोटोंतून दोन-तीन पक्के बिंदू मिळवा आणि लेव्हलनं त्यांच्यामधल्या घरांची उंची भरा. दोन्ही एकत्र पाहिजेत.

---

शिरोळ_काठ

कोल्हापूर शहर, चिखली, आंबेवाडी या भागाला हे सगळं लागू. शिरोळ तालुक्यात मात्र फक्त राजाराम धरून तक्ता केलात तर फसाल. आमच्याकडे पंचगंगेचं पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतं. कृष्णा चढलेली असेल तर पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही आणि फुगवटा मागं येतो. राजारामला पातळी उतरत असताना इकडं पाणी वाढतंय, असं त्यामुळेच होतं.

म्हणून इथं दोन मापांचा तक्ता करा: उभ्या रकान्यात राजाराम, आडव्या ओळीत नृसिंहवाडी, आणि चौकोनात "आपल्या खुणेवर किती". सुरुवातीला बरेच चौकोन रिकामे राहतील, राहू द्या. अंदाजानं भरू नका. आणि दोन ठिकाणच्या फुटांची तुलना करू नका, प्रत्येक मापाचं शून्य वेगळं आहे. "वाडीत राजारामपेक्षा जास्त फूट आहे म्हणजे तिकडं जास्त पूर" असल्या पोस्ट दरवर्षी फिरतात, त्यांना काही अर्थ नाही.

नवा पूल, रस्त्याचा भराव, नदीकाठची भर झाली की जुना तक्ता त्या भागापुरता बाद समजा. महामार्गाच्या भरावाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला पाण्याची पातळी वेगळी असते, हे शिरोलीजवळ प्रत्येक मोठ्या पुरात दिसतं.

---

नदीकाठ

शिरोळ_काठ, दोन मापांचा तक्ता मुख्य लेखात जोडतो, धन्यवाद.

आता तक्त्याचा खरा उपयोग. बहुतेक ठिकाणी लोक "घरात पाणी कधी येईल" याची वाट बघतात. निघण्याची पातळी त्यावर ठरवायचीच नाही. ती ठरते बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर. घर ४६ फुटांना बुडतं, पण वेशीबाहेरचा खोलगट रस्ता ४३ फूट ६ इंचाला बुडत असेल, तर त्या गल्लीचा आकडा ४३ फूट ६ इंच आहे. घर कोरडं आणि रस्ता बंद, अशा अवस्थेत अडकलेल्यांनाच मग नाव लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला नाव उलटून जे घडलं, ते आठवून प्रत्येक गावानं हा रस्त्याचा रकाना सर्वांत आधी भरावा.

त्यातून निघायला लागणारा वेळ वजा करा. समजा जनावरं, धान्य आणि म्हातारी माणसं हलवायला ९ तास लागतात आणि पाणी तासाला ३ इंचांनी चढतंय. ९ गुणिले ३ म्हणजे २७ इंच, म्हणजे २ फूट ३ इंच. ४३ फूट ६ इंचातून ते वजा केलं की ४१ फूट ३ इंच. त्या गल्लीनं राजारामला ४१ फूट ३ इंच झाले की निघायचं, धोक्याच्या पातळीची वाट बघायची नाही. तो आकडा रात्री गाठला जाईल असं दिसत असेल तर संध्याकाळीच हलायचं. अंधारात, विजेविना गोठा रिकामा करायला दुप्पट वेळ लागतो. चढण्याचा वेग सरासरीचा न घेता जुन्या नोंदींतला सर्वांत जास्त घ्या.

जनावरांचा वेळ लोक नेहमी कमी धरतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीत म्हशी चढवायला फळ्यांचा उतार लागतो, तो आधी करून ठेवलेला हवा. एका खेपेत किती जनावरं बसतात आणि ट्रॉल्या किती, हे मोजून तास काढा.

---

सर्किट_जोडणी

तक्ता झाला की सेन्सरला अर्थ येतो, मान्य. आता सेन्सरबद्दल, कारण इथं दोन-तीन गावं सेन्सर बसवायच्या विचारात दिसतात.

इंटरनेटवरच्या प्रत्येक प्रकल्पात जेएसएन-एसआर04टी हा जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो. काही शे रुपयांत मिळतो. पण त्याचा पल्ला साधारण साडेचार मीटर, आणि तोंडाशी २५ सेंमीपर्यंत त्याला काही दिसत नाही. पंचगंगा दहा-पंधरा फुटांवरून ५६ फुटांपर्यंत चढते, म्हणजे बारा ते चौदा मीटरचा खेळ आहे. मुख्य नदीवर हा सेन्सर चालणार नाही. तो ओढ्यावर, नाल्याच्या मोरीखाली लावा, तिथं तो योग्य आहे.

ओढ्यावर लावतानाच्या अडचणी: आवाजाचा वेग तापमानानुसार बदलतो. १० अंशांच्या फरकानं ४ मीटरला सुमारे ७ सेंमीची चूक येते. शेजारी डीएस18बी20 हा तापमापक लावून दुरुस्ती करा. त्याचा झोत रुंद असतो, खांबाची कड किंवा मोरीची भिंत आली की तो तिचंच अंतर सांगत राहतो. पाण्यावर जलपर्णी साठली तर तिचा माथा पकडतो. कोळ्याचं जाळं तोंडावर आलं तर आकडा उड्या मारतो. एका वेळी ११ मापं घ्या आणि मधलं माप पाठवा, सरासरी नको. सरासरीत एक खुळा आकडा सगळं वाकडं करतो.

मुख्य नदीसाठी दोन पर्याय. पुलावरून खाली बघणारा रडार सेन्सर सगळ्यांत चांगला, पाण्याला स्पर्शच नाही, पण महाग. दुसरा पाण्यात बुडवायचा दाब सेन्सर, ४-२० मिलिॲम्पिअरचा. पल्ला मात्र आपल्या जागेप्रमाणे निवडा. समजा बसवायच्या जागेपासून वर दहा मीटर मोजायचे आहेत, तर ०-१० मीटरचा घ्या. त्याला १५० ओहमचा रोध लावला की ०.६ ते ३.० व्होल्ट मिळतात, म्हणजे मीटरमागे ०.२४ व्होल्ट. ईएसपी32 या नियंत्रक बोर्डाचं स्वतःचं व्होल्टेज मोजणं वाकडंतिकडं असतं, म्हणून मध्ये व्होल्टेज अचूक मोजणारी एडीएस1115 चिप लावा. सेन्सर दोन इंची जीआय पाइपात, बाजूला भोकं पाडून, तळापासून फूटभर वर ठेवा. तळाला ठेवलात तर एका पुरात गाळात गाडला जातो. केबलमध्ये हवेची बारीक नळी असते, ती वर डबीत सिलिका जेलसह उघडी राहिली पाहिजे. ती दमटपणानं बंद झाली की हवेचा दाब पाण्याच्या उंचीत मिसळतो. १० हेक्टोपास्कलचा बदल जवळपास १० सेंमी पाण्याएवढा दिसतो, आणि वादळी हवेत तेवढा बदल होतो.

वीज: पंधरा मिनिटांनी एकदा जागं होऊन आकडा पाठवणाऱ्या संचाला १२ व्होल्टवर सरासरी १० मिलिॲम्पिअर धरा, म्हणजे दिवसाला पाव ॲम्पिअर-तास. ७ ॲम्पिअर-तासाची बॅटरी अर्धी वापरली तरी दोन आठवडे ऊन नसलं तर चालतं. गंमत अशी की या खर्चातला बराचसा भाग व्होल्टेज उतरवणारा स्वस्त एलएम2596 बोर्ड काही न करताच खातो. कमी विश्रांती-प्रवाहाचा कन्व्हर्टर घ्या. सिम800एल हा २जी मोडेम पाठवताना क्षणभर २ ॲम्पिअर ओढतो, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि तो पुन्हा पुन्हा चालू-बंद होत बसतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याच्या पायांशीच लावा. आणि जिओला २जी नाही, तिथं ४जी मोडेमच लागेल.

---

बंधारा_नोंद

हे सगळं ठीक, पण सेन्सर हा दुसरा साक्षीदार असावा, पहिला साक्षीदार माणूस आणि मोजपट्टी. पुलाच्या खांबावर पट्टी रंगवा, दर फुटाला रंग बदला, दर तीन इंचांना रेघ द्या आणि आकडे वीतभर उंचीचे ठेवा, म्हणजे बॅटरीच्या उजेडात काठावरून वाचता येतील. ओल्या भिंतीवर ऑइल पेंटचे पापुद्रे निघतात. काम एप्रिल-मे मध्ये, आधी सिमेंट प्रायमर मारून करा. पुलासाठी बांधकाम विभागाची लेखी परवानगी घ्या.

आणि ही व्यवस्था फक्त महापुरासाठी ठेवली तर ती मरते. पाच वर्षांतून एकदा लागणारी गोष्ट पाचव्या वर्षी कुणाला आठवत नाही. तक्ता खालून सुरू करा. नदीकाठच्या मोटारी कोणत्या पातळीला वर काढायच्या, बंधाऱ्यावरची वाहतूक कधी थांबते, खालच्या पट्ट्यातला ऊस कधी पाण्यात जातो, हे आकडे दरवर्षी लागतात. पाणीपुरवठा संस्थेचे मोटार चालवणारे लोक नदी रोज बघतात. वाचनाची जबाबदारी त्यांच्याकडे द्या, त्यांच्या स्वतःच्या मोटारींचा प्रश्न असल्यानं वाचन चुकत नाही. फळा लावायचा तो ग्रामपंचायतीत नको, दूध संस्थेत लावा. तिथं सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरातलं कुणीतरी येतंच.

मे अखेरीस कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) निघाले का, याचे फोटो वेळ-ठिकाणासह गटावर टाका. राहिलेल्या बरग्यांत लाकडं आणि झाडोरा अडकतो आणि वरच्या बाजूला पाणी तुंबतं.

---

सर्किट_जोडणी

सहमत. माझ्याकडे नियम असा: सेन्सरचं लागोपाठ दोन वेळा एकच म्हणणं आणि पट्टीवर माणसाची खात्री, मगच भोंगा. रात्री दोन वाजता खोटा भोंगा एकदा वाजला की पुढच्या वेळी कुणी उठत नाही.

---

कृष्णाकाठ_सांगली

सांगलीच्या सखल भागात पाणी काठावरून येण्याआधी गटारातून उलटं येतं. नदी ज्या तोंडाच्या वर जाते त्या तोंडातून नाला शहरात शिरतो. आमच्या तक्त्यात हे कसं धरायचं?

---

डंपी_लेव्हल

प्रत्येक नाल्याच्या नदीकडच्या तोंडाची तळउंची काढा आणि त्या नाल्यावरच्या सर्वांत खोल चेंबरच्या झाकणाची उंची काढा. आयर्विनच्या पातळीशी जोडलेले हे दोन आकडे तक्त्यात घ्या. नदी पहिल्या आकड्याला पोचली की नाल्याचा निचरा थांबतो, दुसऱ्याला पोचली की झाकणातून पाणी रस्त्यावर येतं. मधल्या काळात शहरात पाऊस पडला तर नदीचं पाणी न येताही गल्ली भरते.

तोंडाला एकमार्गी झडप असेल तर जूनआधी ती हातानं उघडून-मिटून बघा. प्लास्टिक आणि फांदी अडकून झडप चार बोटं उघडी राहिली तरी तिचा उपयोग संपला. झडप बंद असताना आतलं पाणी उपसायला पंप कुठं बसणार आणि डिझेल कोण देणार, हे महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाशी आधी बोलून ठेवा. झडप आहे पण पंप नाही, तर आतल्या पावसाचंच तळं होतं.

---

खबरबात

गटावरच्या संदेशांबद्दल. पूर आला की गटात फक्त तिघांना लिहिता यावं, बाकी सगळ्यांना वाचता यावं. प्रश्नांसाठी दुसरा गट ठेवा. संदेशाचा साचा कायम एकच: तारीख, वेळ, राजाराम किती, मागच्या तासात किती इंच चढलं-उतरलं, आपल्या खुणेवर किती, पुढचा संदेश किती वाजता. "पुढचा संदेश कधी" हे लिहिलं की निम्मे फोन कमी होतात. फोटोला वेळ नसेल तर तो टाकायचा नाही.

"राधानगरीचा दरवाजा उघडला" म्हटलं की घबराट होते, म्हणून आकडे माहीत असावेत. भोगावती नदीवरच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एक उघडला की १४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट). सातही उघडले तर सुमारे १०,००० क्युसेक. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी (अब्ज घनफूट) होतो. म्हणजे सातही दरवाज्यांचं दिवसभराचं पाणी एक टीएमसीपेक्षा कमी. हे दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. पण भोगावतीबरोबर कासारी, कुंभी, तुळशीचं पाणीही एकाच वेळी येत असेल तर हा विसर्ग वरचा भार ठरतो. म्हणून संदेशात दरवाज्यासोबत गगनबावडा आणि राधानगरीचा चोवीस तासांचा पाऊस लिहा.

अधिकृत माहितीसाठी केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया, आपत्ती प्राधिकरणाचं सचेत, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. महसूल मंडळातल्या महावेध केंद्रांचा पाऊसही बघत जा.

---

वाशिष्ठी_तीर

चिपळूणला हा तक्ता चालेल का? आमच्याकडे नऊ तास मिळतच नाहीत.

---

नदीकाठ

तक्ता चालेल, इशाऱ्याचा आधार बदलावा लागेल. कोकणातल्या नद्या घाटातून उतरतात आणि काही तासांत चढतात. पुलाची पातळी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तिथं इशारा वरच्या भागातल्या तासाच्या पावसावर ठेवा आणि त्याला भरती-ओहोटीचं वेळापत्रक जोडा. भरती आणि घाटावरचा जोरदार पाऊस एकाच वेळी असेल तर निघण्याची पातळी खाली आणा. जुलै २०२१ ला हेच दोन्ही जुळून आले होते.

वरच्या वाड्यांतल्या शाळांत साधं पर्जन्यमापक पुरतं. १० सेंमी व्यासाची चाडी (नरसाळं) असेल तर दर मिमी पावसाला ७.८५ मिलि पाणी जमतं. मोजपात्रात ओता आणि भागा. झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा. रोजची नोंद सकाळी ८.३० ला, हवामान खात्याची वेळ तीच असल्यानं आकडे जुळतात. इशारा असला की दर तासाला. कोकणात बाटली लहान घेऊ नका, एका रात्रीत २०० मिमी पडला तर या चाडीतून दीड लिटरपेक्षा जास्त पाणी येतं.

---

आपदा_गट

पूर आला की महावितरण सुरक्षेसाठी वीज बंद करतं आणि ते बरोबरच आहे. मग विजेवरचा भोंगा मुका होतो. मोबाइल टॉवर बॅटरीवर काही तास तगतो, नंतर तोही जातो. म्हणून भोंगा १२ व्होल्टच्या बॅटरीवर, बॅटरी पहिल्या मजल्यावर, आणि जोडीला हातानं फिरवायचा एक. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी दहा सेकंद वाजवून बघा. ग्रामसुरक्षा यंत्रणेत गावाची नोंदणी असेल तर एका फोनवर सगळ्यांना आवाज जातो, पण टॉवर चालू असेपर्यंतच. सेन्सरनं एसएमएस पाठवायचे असतील तर बहुतेक प्लॅनमध्ये दिवसाला १०० ची मर्यादा असते, ती पहिल्या रात्रीच संपते. एसएमएस फक्त गल्लीप्रमुखांना, पुढे त्यांनी दारोदार.

गल्लीप्रमुखाकडे कागदावर यादी हवी: अंथरुणाला खिळलेले, गरोदर बाया, डायलिसिसवाले, एकटे राहणारे, जनावरांची संख्या. ही यादी व्हॉट्सॲपवर टाकू नका. कोणाच्या घरात कोण आजारी आहे आणि कोणतं घर रिकामं होणार आहे, हे गावभर जाण्याचं कारण नाही. एक प्रत तलाठ्याकडे, एक प्लास्टिकच्या पिशवीत प्रमुखाकडे. गल्लीप्रमुखांत निम्म्या बाया असू द्या, बचत गटातल्या असल्या तर उत्तम. दिवसा घरी कोण आहे हे त्यांना ठाऊक असतं. आपदा मित्र प्रशिक्षण घेतलेले गावात कोण आहेत, हे तहसील कार्यालयात विचारून त्यांना या गटात घ्या.

---

उपनगर_कोपरा

गूगल अर्थचा नाद सोडला. आमच्या गल्लीचे २०२१ चे अकरा मूळ फोटो मिळाले, पण कमाल पातळीचा एकही नाही. रात्रीचा कुणी काढलेलाच नाही. तो बिंदू कसा मिळवायचा?

---

डंपी_लेव्हल

आता २०२१ चा मिळणं अवघड, पण न रंगवलेल्या भिंती शोधा. गोठ्याची मागची बाजू, जुनं जातं ठेवलेली खोली, पाण्याच्या टाकीचा खांब, विहिरीचा कठडा. गाळाची रेघ दगडी बांधकामात वर्षानुवर्षं राहते. दोन-तीन ठिकाणच्या रेघा लेव्हलनं जुळल्या तर तीच कमाल पातळी धरा. एकच रेघ मिळाली तर सावध राहा, लाटेचा किंवा नावेच्या हेलकाव्याचा फटका ती चार-सहा इंच वर नेतो.

पुढच्या वेळेसाठी: पाणी उतरायला लागलं की लोक सर्वांत आधी भिंती धुतात. त्याआधी प्रत्येक गल्लीत तीन घरांच्या आतल्या भिंतीवर रेघेपाशी खिळा ठोकून शेजारी तारीख लिहा. बाहेरच्या भिंतीपेक्षा आतली बरी, तिथं लाट नसते. रेघेचा वरचा काठ धरायचा, मधला नाही. खिळे ठोकायचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांची नावं जूनमध्येच फळ्यावर लिहून ठेवा. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरात चिखल असतो, ऐनवेळी माणूस मिळत नाही.